झटक्याच्या आधी पोहोचणाऱ्या मॅडम

डॉ. रत्नप्रभा मगदूम यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या चार वर्षांच्या एका मुलाची समजूत काढत होत्या. बालरोग विभागात कनिष्ठ डॉक्टर म्हणून रुजू व्हायला मी लोणंदहून सकाळच्या गाडीने सांगलीला उतरलो होतो आणि विश्रामबागेतल्या रुग्णालयात, वॉर्डच्या दारात, हातात पिशवी घेऊन उभा होतो. तो मुलगा दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधू देत नव्हता. मॅडमनी तो आधी स्वतःच्या मनगटाला गुंडाळून दाखवला, मग त्याच्या आईच्या. तरी तो तयार होईना, तेव्हा त्यांनी वळून मला विचारले, "तुम्ही नवीन का? या इकडे. हात द्या."

माझा दंड तेव्हा काडीसारखा होता. पोरांचा तो पट्टा कसाबसा बसला. मॅडमनी हवा भरली, आकडा मला मोठ्याने वाचायला लावला आणि त्या मुलाला म्हणाल्या, "बघ, एवढा दाब. या काकांनाच ॲडमिट करूया." मुलगा खदखदून हसला आणि त्याने हात पुढे केला. त्याचे झाल्यावर मॅडम मला म्हणाल्या, "लहान पट्टा मोठ्या हाताला बांधला तर दाब खोटा जास्त दिसतो. मोठा पट्टा लहान हाताला बांधला तर खोटा कमी. आपल्या पोरांचा घात या दुसऱ्या चुकीनं होतो. रुजू व्हायचं पत्र सावकाश द्या, हे आधी लक्षात ठेवा."

मॅडम या महिन्यात पंचाहत्तर वर्षे पूर्ण करीत आहेत. त्यांच्या अध्यापनाविषयी आणि संस्थात्मक कामाविषयी या गौरवग्रंथात अधिकारी मंडळी लिहितीलच. संपादकांनी मला त्यांच्या एकाच कामावर लिहायला सांगितले, आणि तेवढा अधिकार मला असावा असे वाटते. कारण त्या कामात माझी एक चूकही गुंतलेली आहे.

हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम हे नाव वाचकांना जड वाटेल. यात रक्ताच्या अगदी बारीक वाहिन्यांमध्ये गुठळ्या होतात. त्यांतून वाट काढताना तांबड्या पेशी फुटतात, रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी संपत जातात आणि मूत्रपिंडे काम थांबवतात. मूल पांढरेफटक पडते, लघवी कमी होते, अंगावर सूज येते. कधी हे रक्ती हगवणीनंतर होते, तर कधी शरीर स्वतःच्याच विरुद्ध प्रतिपिंडे तयार करते म्हणून. आणि काही मुलांमध्ये हा आजार मेंदूपर्यंत जातो. झटके येतात, शुद्ध हरपते, एखादी बाजू लुळी पडते, डोळे चांगले असून दिसेनासे होते. पालकांना वाटते, मूल गेलेच. मॅडमचे निम्मे आयुष्य या मुलांमध्ये गेले.

कृष्णाकाठच्या जैन शेतकरी कुटुंबात मॅडमचा जन्म. डॉक्टर झाल्यावर मोठ्या शहरात राहण्याची संधी असताना त्या सांगलीला परतल्या. याचे कारण विचारले की त्या म्हणत, "आईला एकटीला म्हशी आवरेनात." पण दर वर्षी नव्या तुकडीला त्या एक गोष्ट मात्र पूर्ण गांभीर्याने सांगत. त्यांच्या उमेदीच्या काळात हगवणीनंतर हाच आजार झालेला एक मुलगा त्यांच्याकडे आला होता. त्यांनी पोटातून डायलिसिस केले, रक्त दिले, क्षार जागेवर आणले. लघवी सुरू झाली म्हणून त्या दिवशी त्या आनंदाने घरी गेल्या. त्या मुलाचा रक्तदाब वाढत चालला होता आणि वॉर्डात मुलांच्या मापाचा पट्टाच नव्हता. मोठ्यांच्या पट्ट्याने तो ठीक दिसत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याला झटके आले ते थांबलेच नाहीत. "मी केसपेपरवर लिहिलं, अचानक झटके आले," मॅडम सांगत. "अचानक नव्हते आले. मी पाहिलं नव्हतं." त्या दिवसापासून त्यांच्या वॉर्डातल्या केसपेपरवर 'अचानक' हा शब्द लिहायची कुणाला मुभा नव्हती. लिहिला तर त्या तो खोडायला लावत आणि त्याआधीच्या चोवीस तासांच्या नोंदी पुन्हा वाचायला बसवत.

त्यांच्या हाताखाली चार वर्षे काढून मी वडूजला दवाखाना थाटला. एवढे शिकून गेल्यावर हातून चूक होणार नाही, असा माझा समज होता.

वेदिका सात वर्षांची होती. तिचे वडील सैन्यात, तेव्हा दूर सरहद्दीवर. तिला माझ्याकडे आणले ते आईने आणि आजोबांनी. आजोबाही निवृत्त सुभेदार. गावात त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे, सुभेदारच म्हणत. पोरीला उलट्या होत होत्या, चेहरा उतरला होता, डोळ्यांत किंचित पिवळेपणा होता. तालुक्यात तेव्हा काविळीची साथ होती. मी काविळीचे निदान केले, सलाईन लावले, संध्याकाळी घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "डॉक्टर, कालपास्नं एकदाच लघवी झालीया, ती बी चहावानी. आन् तोंड सुजल्यावानी दिसतंय." मी ते कागदावर लिहून घेतले. काविळीत लघवी गडद होतेच, असे म्हणालो आणि पुन्हा सलाईन लावले.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास, माझ्यासमोरच्या बाकावर, वेदिकाला झटका आला.

तिचा रक्तदाब मी तेव्हा पहिल्यांदा मोजला. मुलांच्या मापाचा पट्टा माझ्याकडे होता. टेबलाच्या खणात होता.

औषध देऊन झटका थांबवला आणि मी मॅडमना फोन लावला. त्या नोकरीतून निवृत्त झाल्या होत्या, पण आठवड्यातले तीन दिवस रुग्णालयात येत; सुदैवाने तो त्यांतलाच एक दिवस होता. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"दाब किती आहे?"

मी आकडा सांगितला.

"कधीपासून?"

"पहिल्यांदाच मोजलाय," मी म्हणालो. मॅडमनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. म्हणाल्या, "सलाईन बंद कर. गाडीत तू स्वतः बस. दर दहा मिनिटांनी दाब मोज आणि मला सांग. एकदम खाली आणू नकोस, मेंदूला त्या दाबाची सवय झालेली असते. हळूहळू उतरव. आणि संदीप, प्लेटलेट कमी असतील, पण रक्तस्राव नसेल तर त्या भरायच्या नाहीत. गुठळ्यांना आणखी माल मिळतो."

विट्याच्या अलीकडे तिला दुसरा झटका आला. सुभेदार पुढे बसले होते. त्यांनी मागे वळून एकदाच पाहिले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "गाडी थांबवू नको. डॉक्टर बघत्यात."

आम्ही पोहोचलो तेव्हा मॅडम दारातच होत्या. रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्या स्वतः सूक्ष्मदर्शकाशी बसल्या आणि मला पाहायला बोलावले. तांबड्या पेशी कुणी चिमट्याने तोडल्यासारख्या कोपरे गेलेल्या दिसत होत्या. काविळीचा प्रश्न तिथेच संपला. तिच्या डोळ्यांतला पिवळेपणा त्या फुटलेल्या पेशींचा होता.

पुढचा प्रश्न कठीण होता. मेंदूवर आलेल्या या आजारात मुलीचा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, काढून त्या जागी दात्यांचा चांगला प्लाझ्मा भरावा लागणार होता. एकदा नव्हे, रोज. पुण्याला पाठवावे, असे तरुण सहकाऱ्यांचे मत होते, आणि ते चुकीचे नव्हते. मॅडमनी पुण्यातल्या तज्ज्ञांशी फोनवर बोलून घेतले. मग म्हणाल्या, "चार-पाच तासांचा रस्ता आहे. वाटेत तिसरा झटका आला आणि श्वास थांबला तर पुण्याला आपण कुणाला पोहोचवणार? पहिला प्लाझ्मा इथं बदलू. सावरली तर मग बघू."

डायलिसिस विभागातले तंत्रज्ञ बाळासाहेब यंत्राकडे पाहून म्हणाले, "मॅडम, मशीन मोठ्या माणसांचं हाय. पोरगी सतरा किलोची. नळ्यांतच तिचं निम्मं रक्त जाऊन बसंल."

"म्हणून तर तुम्ही पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "नळ्या आधी दात्याच्या रक्तानं भरून घेऊ. वेग अगदी कमी ठेवा. मी शेजारी बसते."

पण यंत्र सुरू करण्याआधी त्यांनी मला व्हरांड्यात नेले. "घरच्यांना काय झालंय ते सांगायला हवं. आजार मी सांगते. पहिले दोन दिवस तू सांग."

मी म्हणालो, "मॅडम, ते माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत."

"नाही ठेवला तर तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांना हे दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ते कुठल्याच डॉक्टरवर ठेवणार नाहीत. मी तुझ्याजवळ उभी आहे."

मी सांगितले. काविळीच्या नादात लघवीकडे दुर्लक्ष केले, दाब मोजला नाही, सलाईनने पाणी वाढवले. हे दोन दिवस आधी ओळखता आले असते. आईने तोंडाला पदर लावला. सुभेदार मॅडमकडे पाहून म्हणाले, "बाई, फौजेत चूक झाली तर आपली आपण रिपोर्ट करायची ऑर्डर असती. जो लपिवतो त्येला शिक्षा. जो रिपोर्ट करतो, त्येला ड्युटीवरनं काढत न्हाईत." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "डॉक्टर, तुमी हितनं हालायचं न्हाई."

मी हाललो नाही. दवाखाना बंदच ठेवला.

पहिला प्लाझ्मा बदलायला साडेतीन तास लागले. बाळासाहेबांनी यंत्रावरची नजर काढली नाही आणि मॅडमनी मुलीवरची. मॅडम सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. हा त्यांच्या घरचा नेम आहे आणि तो त्यांनी कधी मोडलेला नाही. कनिष्ठ डॉक्टरांना मात्र त्या स्वतः पुढे घालून वेळेवर जेवायला पाठवत. त्या दिवशी दुपारचा त्यांचा डबा टेबलावर तसाच होता. दिवस मावळताना माझ्या लक्षात आले आणि मी तो घेऊन गेलो. खिडकीबाहेर पाहून त्या म्हणाल्या, "आता राहू दे. भाकरी वाया नको जायला, बाळासाहेबांना दे." दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. याचा उल्लेख त्यांना आवडणार नाही हे मला माहीत आहे, त्यासाठी आधीच क्षमा मागतो.

वेदिकाच्या गावातून रक्तदानाला माणसे भरून दोन जीपगाड्या आल्या. पुण्याला न्यावे लागले नाही. तिसऱ्या दिवशी, प्लाझ्मा बदलण्याची तिसरी खेप झाल्यावर, ती शुद्धीवर आली. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन थेट तिच्या अंथरुणावर पडले होते. ती म्हणाली, "आई, दिवा लाव की. लय अंधार झालाय."

आईने माझ्याकडे पाहिले. मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "दिवा लावलेला आहे बाळा. तुझे डोळेही चांगले आहेत. मेंदूला सूज आलीय, म्हणून त्याला डोळ्यांचा निरोप पोहोचत नाहीय. सूज उतरली की पोहोचेल. तोवर मी रोज येऊन विचारत जाईन."

नंतर मी त्यांना एकट्यांना गाठून विचारले, "पोहोचेल?"

"बहुतेक पोहोचेल. दाब आवरला तर बहुतेकांची नजर परत येते."

"आणि नाही पोहोचला तर?"

"तर तेही तिला मीच सांगेन."

मग रोज सकाळी मॅडम वेदिकासमोर काहीतरी धरून विचारू लागल्या, "हे काय आहे सांग." कधी वाटी, कधी पेरू, कधी स्वतःचा चष्मा. वेदिका हाताने चाचपून सांगे आणि मॅडम म्हणत, "हात हुशार आहेत. डोळे आळशी झालेत." तिकडे सरहद्दीवरून वडिलांचा रोज फोन येई. सुभेदार त्यांना सांगत, "बोलतीया, खातीया, भांडतीया." दिसण्याबद्दल ते बोलत नसत, आणि फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून थोडा वेळ उभे राहत.

आठव्या खेपेनंतरच्या सकाळी मॅडमनी पेरू पुढे धरला. वेदिकाने पेरूकडे हात नेला नाही. ती मॅडमच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आवं, तुमी म्हाताऱ्या हाय व्हय? मला आवाजावरनं वाटलं तुमी तरण्या आसाल."

इतकी वर्षे मी मॅडमना ओळखतो. त्यांना असे हसताना मी त्याआधी पाहिले नव्हते. बाळासाहेब डायलिसिस विभागातून धावत आले. सुभेदारांनी फोन लावला आणि पलीकडून उचलल्यावर तो वेदिकाच्या हातात दिला. तिनेच वडिलांना सांगितले, "पप्पा, डॉक्टरीणबाई पांढऱ्या केसांच्या हायत."

लांबच्या प्रयोगशाळेतून अहवाल आला. तिच्या शरीरानेच प्रतिपिंडे तयार केली होती. म्हणजे पुढे बराच काळ औषधे आणि नियमित तपासण्या लागणार होत्या. घरी सोडण्याच्या कागदावर मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिले की पुढच्या तपासण्या वडूजला, डॉ. संदीप यांच्याकडे. सुभेदारांनी कागद वाचला आणि विचारले, "ह्यांच्याकडंच?"

"यांच्याकडंच," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या भागात आता या आजाराला यांच्याइतकं जागं दुसरं कुणी असणार नाही."

गुरूने शिष्याला काय काय दिले, याची मोजदाद अशा लेखांत करण्याची रीत आहे. मला ती करता येणार नाही. त्या एका वाक्याने मला वडूजला परत जाता आले, एवढेच सांगतो.

वेदिकाची नजर पूर्ण परतली, पण उजव्या हातात अशक्तपणा राहिला. लिहिताना पेन्सिल गळून पडे. तिला एक वर्ष मागे बसवावे असे शाळेत ठरू लागल्याचे कळताच मॅडम मला घेऊन तिच्या गावी गेल्या. मुख्याध्यापकांशी त्यांचे बोलणे दहा मिनिटे चालले असेल. "तिच्या डोक्याला काही झालेलं नाही, हाताला झालंय," त्या म्हणाल्या. "तोंडी परीक्षा घ्या. नापास झाली तर मी स्वतः येऊन तिला मागच्या वर्गात बसवते." तशी वेळ आली नाही. आज ती नववीत आहे. अक्षर वाईट आहे, रक्तदाबाची एक गोळी अजून चालू आहे, झटक्यांची औषधे मात्र केव्हाच बंद झाली. मॅडमना ती अजून 'म्हाताऱ्या बाई' म्हणते आणि मॅडमना ते चालते.

सगळीच मुले अशी परतली नाहीत. काहींना पुढेही झटके येत राहिले, काहींची मूत्रपिंडे पुन्हा सुरू झाली नाहीत, काही गेली. गेलेल्या मुलांच्या घरी मॅडम जाऊन येत. तिथे काय बोलतात, हे त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

वयाच्या सत्तरीनंतर मॅडमनी एक नवे काम अंगावर घेतले. खटाव, माण, जत, तासगाव या तालुक्यांत जाऊन त्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि आशाताईंना एकत्र बसवतात आणि तीनच प्रश्न शिकवतात: मूल पांढरे पडले का? लघवी शेवटची कधी झाली? दाब मोजला का, आणि कोणत्या पट्ट्याने? वडूजच्या बैठकीत एका आशाताईंनी विचारले, "बाई, येवढ्या वयात कशाला हो ही दगदग?" मॅडम म्हणाल्या, "माझ्यावाचून चालायला लागलं ना, की थांबेन."

गेल्या पावसाळ्यात आमच्या शेजारच्या गावातला पाच वर्षांचा एक मुलगा रक्ती हगवणीनंतर मलूल झाला. त्या गावच्या आशाताईंनी लघवीचे विचारले, चेहरा पाहिला आणि त्याच दुपारी त्याला माझ्याकडे पाठवले. दाब वाढू लागला होता, पण फार नव्हता. संध्याकाळच्या आत तो सांगलीत होता. डायलिसिस लागले, रक्त लागले. मेंदूपर्यंत मात्र आजार गेलाच नाही. तीन आठवड्यांनी तो चालत घरी आला. मॅडमना त्याने पाहिले नाही. त्याच्या आईवडिलांना त्यांचे नावही ठाऊक नाही.

मी हे सगळे मॅडमना फोन करून सांगितले. त्यांनी नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग विचारले, "झटका आला?"

"नाही मॅडम."

"शुद्ध?"

"एकदाही हरपली नाही."

"मग मला फोन कशाला केलास?" असे म्हणून त्या इतक्या समाधानाने हसल्या की मला उत्तर द्यावे लागले नाही.

आदरणीय मॅडम, पंचाहत्तरीनिमित्त आपल्याकडे मागणे एवढेच की आपण प्रकृतीला जपा आणि खूप वर्षे आमच्यात राहा. वडूजहून, विट्याहून, जतहून आम्हा विद्यार्थ्यांचे फोन आपल्याला येत राहोत. आणि प्रत्येक वेळी आपल्याला हेच विचारावे लागो, की मला फोन कशाला केलास?